शून्य आक्षेप

माझ्या बायकोला या जगातलं काहीही पसंत पडत नाही, असा अख्ख्या गडहिंग्लजचा समज आहे. समज अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, तिनं मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "मांडवाचा खांब तिरका आहे." मी मान वळवून बघितलं. होता तिरका.

ती इंदुमती मगदूम. 'दैनिक घाटवार्ता'त दर रविवारी तिचं 'भातातला खडा' हे सदर येतं. सरकारची योजना असो, कंपनीचं नवं यंत्र असो, नाहीतर पेपरातल्या मथळ्यातली 'झेप' किंवा 'महाझेप' असो, बाई चष्मा कपाळावर चढवणार आणि दाताखाली आलेला खडा काढून ताटाच्या कडेला ठेवणार. फवारणीच्या ड्रोनचं उद्घाटन झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो छापले, हिनं विचारलं, वारा सुटला तर शेजारच्या रानातल्या मधमाश्यांनी कुठं जायचं? घरोघरी पाण्याचे हुशार मीटर बसले तेव्हा हिनं लिहिलं, पाणी यायच्या आधी नळातून हवा येते आणि मीटर हवेवरही फिरतं, तेव्हा हवेचं बिल कोण भरणार? साहेब लोक रविवारी पेपर उघडायच्या आधी देवाचं नाव घेत असत म्हणे.

मी शिवलिंग मगदूम. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. आता घरातला चहा माझ्याकडे आहे. इंदूचा अभिप्राय रोज मिळतो. साखर जास्त, आलं कमी, नीट उकळला नाही. एखाद्या दिवशी ती काही न बोलता कप रिकामा करते. त्या दिवशी चहा फक्कड झालेला असतो. हे गणित कळायला मला संसाराची बरीच वर्षं लागली.

आमची एकुलती एक मुलगी शर्वाणी पुण्यात 'निकष' नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पाडव्याला आली, श्रीखंड खाल्लं आणि आईजवळ सरकून बसली.

"आई, तुझी सगळी सदरं पाहिजेत. पहिल्यापासूनची."

"रद्दीचा भाव काढून आलीस काय?"

"ऐक तर. सरकार धोरण जाहीर करतं, मग तू ते फाडतेस, मग वर्षा-दोन वर्षांनी दुरुस्ती होते. तोवर लोकांचे हाल. त्यापेक्षा मसुदा जाहीर व्हायच्या आधीच तुला दाखवला तर? म्हणजे तुला नाही, तुझ्यासारखा विचार करणाऱ्या यंत्राला."

इंदू हसली. "घ्या की. माझं ऐकायला सरकारला एवढं यंत्र बांधावं लागलं होय! पेपर तर रोज टपरीवर मिळत होता."

आता हे यंत्र काय करतं ते सांगतो. मास्तर आहे, फळा नसला तरी हात शिवशिवतात. यंत्रानं इंदूची सदरं पाठ केली नाहीत. कशापाठोपाठ काय येतं, तेवढं ते शिकलं. मसुद्यात 'मोफत' आलं की इंदू विचारते, किती दिवस? 'ऐच्छिक' आलं की विचारते, नाही म्हणणाऱ्याचं पुढं काय होणार? अशी हजारभर सदरं वाचल्यावर यंत्राच्या पोटात जे उरतं ते शब्द नसतात. उरतो तो कल, आकड्यांच्या रूपात. माणसाच्या स्वभावाचं वळणच म्हणा. मग कधी न पाहिलेला मसुदा पुढं टाकला, की इंदूनं काढल्या असत्या त्याच शंका ते काढतं. दुसरं यंत्र त्या शंकांप्रमाणे मसुदा बदलतं. पहिलं पुन्हा शंका काढतं, दुसरं पुन्हा बदलतं. माणूस जांभई देईपर्यंत अशा हजार फेऱ्या होतात. पहिलं यंत्र गप्प झालं की मसुदा पक्का. याचं नाव त्यांनी ठेवलं 'चाळण'.

शर्वाणीनं पहिली परीक्षा आमच्या पडवीतच घेतली. बाजार समितीच्या एका जुन्या मसुद्यावर चाळणीनं काढलेल्या शंका तिनं आईला वाचायला दिल्या. इंदूनं सावकाश वाचल्या, चष्मा पुसला आणि म्हणाली, "शेवटचं वाक्य मी आणखी खवचट लिहिलं असतं."

शर्वाणीनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पास झाल्याची खूण आम्हा दोघांनाच कळते.

सरकारनं चाळण वापरायला घेतली आणि वर्षभर खरंच बरं चाललं. खोटं कशाला बोलू? बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांना रेशन मिळालं नसतं, ती भानगड योजना जाहीर व्हायच्या आधीच मिटली. मीटरमध्ये हवेची झडप आली. इंदू मैत्रिणींना सांगायची, "माझं यंत्र हो ते!" पण हळूहळू रविवार अवघड व्हायला लागले. नवा मसुदा उघडावा तर प्रत्येक खडा आधीच वेचलेला. सदराची जागा आखडत गेली. एका रविवारी तिनं टोमॅटोवर लिहिलं, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

वर सरकारनं शिक्का काढला, 'शून्य आक्षेप'. मंत्र्यांना कुणी प्रश्न विचारला की उत्तर एकच, "चाळणीतून गेलंय." की विषय संपला. पत्रकार विचारायचे बंद झाले आणि मथळे तेवढे मोठे झाले. बिल्डरांनी जाहिरातीत तो शिक्का टाकला. आमच्या गल्लीतल्या पापडवाल्यानंही पाकिटावर छापला. त्याचे पापड खारट असतात ते असतातच.

मला आमची प्रयोगशाळा आठवायची. लंबकाचा प्रयोग लावला, की पोरांना उत्तर किती यायला पाहिजे ते पुस्तकातून आधीच ठाऊक असायचं. लंबक एकदाही न हलवता निरीक्षणं अशी सुबक लिहीत, की उत्तर बरोब्बर तेच यावं. मी ते तपासून 'छान' लिहायचो, कारण चूक सापडायचीच नाही. सरकारचं तसंच झालं होतं. परीक्षक कोण आणि त्याला काय खुपतं ते कळल्यावर लंबक हलवायचा कशाला?

आणि मग आली 'ग्रामगती'.

आधी पेरखोल सांगतो. ते इंदूचं माहेर. आजऱ्याकडच्या डोंगरात, रस्ता जिथं संपतो तिथं. संध्याकाळी गडहिंग्लज स्टँडवरून सुटलेली एसटी दिवेलागणीला तिथं पोचते, आणि पुढं रस्ता नाही म्हणून तिथंच राहते. ही मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकतात. जेवण गावातल्या घरांकडून पाळीनं येतं. सकाळी गाडी परत निघते तेव्हा तिच्यात डबे असतात. गडहिंग्लजला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरापोरींचे, आयांनी पहाटे उठून केलेले डबे. कंडक्टर ज्योतिराम पोवार ते स्टँडवर कँटीनच्या भिंतीला सावलीत मांडून ठेवतो. पोरं कॉलेजला जाताना उचलतात, संध्याकाळी रिकामे परत ठेवतात. ना पावती, ना पैसे. ना कधी कुणाचा डबा कुणाला गेला.

गुरुवारी त्यात एक डबा आमचा असतो. इंदूची थोरली बहीण, आमची आक्का, पेरखोलला एकटी राहते. नाचणीची भाकरी, खर्डा, कधी अळूचं फदफदं. इंदू डबा घेऊन बसते आणि मुकाट जेवते. खर्डा तिखट म्हणत नाही, भाकरी जाड म्हणत नाही. गुरुवारी दुपारी आमच्या घरात अवाक्षर निघत नाही.

असाच एका गुरुवारी ज्योतिरामनं डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाई, दसऱ्यापातूर हाय गाडी. मग बंद."

"बंद म्हणजे?"

"ती बिनड्रायव्हरची येणार न्हवं का, ग्रामगती. आमाला कुठं टाकतील तिकडं जायचं. आक्कास्नी अजून सांगितलं न्हाई. तुमीच सांगा."

इंदूनं त्या दिवशी डबा उघडला नाही. आधी मसुदा उघडला.

योजना वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या, चालकाशिवाय धावणाऱ्या. फोन केला की दारात हजर, दिवसा किंवा रात्री. बायकांना फुकट. तीन तास एका गाडीची वाट बघण्यापेक्षा कुणालाही हे बरंच वाटेल. मलाही वाटलं. वेबसाइटवर हरकती नोंदवायला महिनाभर मुदत होती, उत्तरं चाळणच देणार होती.

इंदूनं पहिली हरकत टाकली. फोन नसलेल्या म्हातारीनं काय करायचं? डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. 'आभारी आहोत. गावात खांब असेल, त्यावर बटण असेल, बोललं तरी चालेल. निराकरण झाले.'

"धुक्यात गवा आडवा आला तर?"

'उष्णता ओळखणारा कॅमेरा आहे. निराकरण झाले.'

"घाटात दरड कोसळली तर?"

निराकरण झाले.

"डब्यांचं काय?" हे टाकायच्या आधी तिनं दोनदा खोडून लिहिलं, मी बघत होतो.

'खांबाला पार्सलचा कप्पा असेल. डबा सीलबंद करून ठेवावा. निराकरण झाले.'

इंदूनं हात मांडीवर ठेवले. "तसं नाही ते," ती म्हणाली.

"मग कसं?" मी विचारलं.

"मला सांगता येत नाही."

लग्नाच्या मांडवापासून आजपर्यंत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं शर्वाणीला फोन लावला. मुलगी समजुतीनं बोलत होती बिचारी. "आई, तुझी हरकत काय ते एकदा सांग. मी स्वतः आत घालते."

"हरकत नाहीये! म्हणून तर ओरडतेय!"

"आई, तू तुझ्याशीच भांडतेयस. तुला जे सुचेल ते त्याला आधीच सुचलेलं असणार. ते तूच आहेस."

"मी एवढी कोरडी आहे?"

पलीकडून उत्तर आलं नाही. इंदूनं फोन ठेवला आणि रडली. चिडून रडली, पदरानं नाक पुसत. मला फार वाईट वाटलं. काय करावं सुचेना, म्हणून चहा केला. तो तिनं प्यायला नाही.

शनिवारी आम्ही दोघं मुक्कामी गाडीनं पेरखोलला निघालो. आक्काला तोंडानं सांगायचं होतं. गाडीत बाजाराच्या पिशव्या, खताचं एक पोतं, दुरुस्त करून आणलेला मिक्सर आणि रिकाम्या डब्यांची पिशवी. वाटेत एका वस्तीवर ज्योतिराम उतरला, एका घरात औषधाची पुडी देऊन आला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून वाट बघत होता. कुणी घड्याळ बघितलं नाही.

पेरखोलला उतरलो तर आक्का देवळाजवळ उभीच. त्या दिवशी जेवणाची पाळी तिची होती. "या पावणं," मला म्हणाली आणि ज्योतिरामकडे वळली, "हात धू, पिठलं निवायला लागलंय."

जेवण झाल्यावर देवळाच्या पायरीवर आठ-दहा माणसं जमली. इंदूनं सांगून टाकलं. गाडी बंद होणार हे ऐकून कुणी आरडाओरडा केला नाही. एक बाई म्हणाली, "गाडी देवळापुढं हुबी आसली की झोप लागती बघा. रातीइराती काय झालं तर गाडी हाय, मानसं हायती." दुसरा म्हणाला, "माझ्या सुनेला ह्याच गाडीतनं न्हेलं की दवाखान्यात, कळा सुरू झाल्यावर." ज्योतिराम म्हणाला, "आन् मी सीटवर सतरंजी हातरली हुती." सगळे हसले.

इंदू एकदम ताठ बसली. "सर्वेक्षणवाले आले होते ना मागं? तेव्हा हे सांगितलंत?"

"न्हाई बा."

"मग काय सांगितलंत?"

"चाललंय म्हणालो."

"चाललंय? एवढं होतं आणि नुसतं चाललंय?"

"मग काय सांगायचं?" आक्का कडाडली. "चांगल्याला चांगलं म्हणावं काय तोंडानं? दृष्ट लागती! माझ्या म्हशीचं इचारून बघ. देतीया रेडकापुरतं, आसंच सांगीन मी. शेजारनीला कळलं तर आटंल की दूध!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाळ गुटगुटीत असलं तर त्याला 'काळ्या' म्हणायचं, पीक जोमात असलं तर 'बघू काय पदरात पडतंय ते' म्हणायचं. आमच्या मुलखात चांगली गोष्ट अशी झाकूनच ठेवतात.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या साध्या गोष्टीला इतका वेळ लागला याचं मलाच हसू आलं.

"इंदू," मी म्हणालो, "यंत्र काय शिकलं? जे बोललं गेलं ते. तू बोललीस राग. ही माणसं बोलली 'चाललंय'. जे आवडतं ते कुणी बोललंच नाही, मग यंत्राला कळणार कुठून? त्याच्या लेखी या गाडीचा एकही गुण नाही. म्हणून ती काढून टाकताना त्याला काही काढल्यासारखं वाटलंच नाही."

तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"तू हरकती शोधू नकोस. तुला ही गाडी का आवडते ते लिही."

"मी? कौतुक लिहू?" तिनं आजूबाजूला बघितलं, जणू मी काही अचकटविचकट बोललो. "लोक म्हणतील बाईला पैसे चारले."

"म्हणू देत. का तुझाही दृष्टीवर विश्वास आहे? अंधश्रद्धेवर लेखमाला लिहिलीस ना?"

"काहीतरीच काय!"

"मग लिही."

"इंदे, न्हाई हां!" आक्का ओरडली. "गाडीवर लिहू नगंस, वाटोळं हुईल!"

पण इंदूला नको म्हणालं की ती करते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती आक्काच्या घराच्या सोप्यात कागद घेऊन बसली. बघण्यासारखं होतं ते. पहिलं वाक्य लिहिलं, 'या गाडीच्या खिडक्या खडखडतात, तरीही...' मी म्हणालो, "हा खडा झाला." खोडलं. दुसरं लिहिलं, 'सरकारला हे कळत नाही की...' मी नुसता खाकरलो. खोडलं. "मला येतच नाही हो!" ती काकुळतीला आली. मी म्हणालो, "गुरुवारी डबा उघडल्यावर तुझ्या मनात काय येतं ते लिही. मला कधी सांगितलं नाहीस, तेच."

मग मात्र ती थांबली नाही. तिनं लिहिलं:

'ही हरकत नाही. मला ही गाडी आवडते. गुरुवारी माझा डबा येतो तेव्हा भाकरीच्या आधी ज्योतिराम मला सांगतो, आक्कांचा गुडघा आज बरा आहे. संध्याकाळी तो तिला सांगत असणार, बाई जरा वाळल्यात. आम्ही दोघी बहिणी फोनवर एकमेकींना खरं सांगत नाही, काळजी नको म्हणून. खरं ते या गाडीतून येतं-जातं. गाडी रात्री गावात थांबते, म्हणून तिच्यातली माणसं गावाची होतात. पिठल्याला मीठ कमी पडलं तर ती सांगतात. नवी गाडी मी बोलवीन तेव्हा येईल आणि काम झालं की जाईल. ती चांगलीच असेल. पण जी वस्तीला राहते, तिचीच वाट बघावीशी वाटते.'

वाचून माझे डोळे भरून आले. "बरं जमलंय," मी म्हणालो. सवय, दुसरं काय.

हरकतींच्या जागी तिनं तेच फोनवरून पाठवलं. नेहमी क्षणात येणारं उत्तर येईना. पडद्यावरचं चक्र फिरतंय, फिरतंय. मग अक्षरं उमटली: 'यात आक्षेप आढळला नाही. निराकरण शक्य नाही. माणसाकडे पाठवले आहे.'

"माणसाकडे!" इंदू टाळी वाजवून म्हणाली. मला म्हणाली, "अहो, तिथं माणूस आहे!"

पुढच्या रविवारी तेच सदरात आलं. संपादकांनी दोनदा फोन करून विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना? आणि मग गंमत झाली. ज्या गावांना मुक्कामी गाडी जाते तिथले लोक लिहायला लागले. प्रत्येकाची सुरुवात एकच, 'दृष्ट न लागो, पण...' कुणी लिहिलं, आमचा कंडक्टर पोरींना पाढे म्हणायला लावतो. कुणी लिहिलं, गाडी आली की आमच्याकडं दिवे लावतात. एकानं नुसतं लिहिलं, 'सवय आहे तिची.' यातलं एकही चाळणीला मिटवता येईना, कारण भांडणच नव्हतं. सगळं माणसांकडे जाऊ लागलं. ती माणसं म्हणजे 'निकष'मधली, आणि त्यात आमची शर्वाणी.

पुढच्या गुरुवारी मी डबा आणायला स्टँडवर गेलो. मुक्कामी गाडी आली, ज्योतिराम उतरला, आणि त्याच्यामागून डबा छातीशी धरून आमची लेक उतरली. केस विस्कटलेले, शालीला धुराचा वास.

"तू?"

"मुक्काम केला, बाबा. हजारभर पत्रं वाचली, म्हटलं एकदा बघून तरी यावं." मग हळूच म्हणाली, "आक्कामावशीनं मला विचारलं, तुझी आई तुझ्याशी का बोलेना? मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, ज्योतिरामनं सांगितलं, बाईंचं तोंड उतरलंय."

घरी आल्यावर मायलेकी समोरासमोर बसल्या. शर्वाणीनं डबा आईपुढं ठेवला. "आई, त्या दिवशी तू विचारलंस, मी एवढी कोरडी आहे का. मी गप्प बसले. मला उत्तर माहीत होतं गं, पण ते कुठल्याच सदरात सापडेना."

इंदूनं तिला जवळ ओढलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काहीच नव्हतं.

मग निघाला तोडगा, आणि तो बिनडोक नव्हता हे मी कबूल करतो. खात्यातल्या साहेबांनी ती पत्रं स्वतः वाचली. त्यातल्या एकाचं बालपण अशाच गावात गेलं होतं, असं शर्वाणी म्हणाली. गाड्या नव्याच येणार, पण जिथं रस्ता संपतो तिथं गाडी मुक्कामाला राहणार, आणि तिच्याबरोबर एक माणूस राहणार. ड्रायव्हरांचीही नोकरी गेली नाही, त्यांना इतर गावांच्या गाड्यांबरोबर पाठवलं. चाळण मोडली नाही, पण तिला दुसरं कामही लावलं. आता कुठलीही जुनी गोष्ट बंद करायच्या आधी तिथं माणसं पाठवून विचारायचं, हिच्यात चांगलं काय? आणि 'चाललंय' असं उत्तर आलं, तर बसून घ्यायचं आणि पुन्हा विचारायचं. शिक्क्यावरचं 'शून्य' मात्र गेलं. पापडवाल्याला पाकिटं बदलावी लागली.

दसऱ्याला पेरखोलला नवी गाडी आली. झेंडूच्या माळा, नारळ, सगळं झालं. ज्योतिराम नव्या गणवेशात पुढं बसला. आणि गाडी हलेना! बटण दाबलं, हलेना. फोन झाले, पुण्यात धावपळ झाली. शेवटी ज्योतिराम खाली उतरला आणि पुढून बघितलं, तर आक्कानं दृष्ट लागू नये म्हणून गाडीच्या बरोब्बर कॅमेऱ्यावर काजळाचं टिकलं लावलेलं. गाडीला समोरचं काही दिसतच नव्हतं. ज्योतिरामनं ते रुमालानं पुसलं, आक्काचा चेहरा बघितला, आणि बोटभर काजळ घेऊन खाली, चाकाजवळ लावलं. गाडी निघाली.

"माणूस नसता तर?" इंदू मला कोपरानं ढोसत म्हणाली. मग तिनं आत नजर टाकली. "सीटा अरुंद केल्यात मेल्यांनी."

मी म्हणालो, आली बाई भानावर.

त्या संध्याकाळी घरी आलो. शर्वाणी होतीच. मी चहा केला, तिघांना दिला. इंदूनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, कप खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा छान झालाय. तुमचा चहा मला आवडतो. पहिल्यापासून."

शर्वाणीचा कप ओठांपाशीच थांबला. छाती भरून आली आणि त्याच वेळी आक्काची म्हैस आठवली. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, मूठभर मीठ-मोहरी घेतली, चहाच्या पातेल्यावरून ओवाळली आणि गॅसवर टाकली. तडतड तडतड आवाज झाला.

"अहो!" बाहेरून इंदू हसत ओरडली. "फिजिक्स शिकवलंत ना जन्मभर?"

"शिकवलं की!" मी आतूनच म्हणालो. "पण तू काय रोज बोलतेस होय?"

रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी उठून नेहमीसारखा चहा टाकला. इंदूनं पेपरावरची नजर न काढता घोट घेतला.

"आलं कमी आहे," ती म्हणाली.

तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.